लेहला जाताना बॅगेत आधी दोन रिकामे दिवस भरा

शाळांच्या परीक्षा संपत आल्या की घराघरांत सुटीचे बेत सुरू होतात. पूर्वी हे बेत महाबळेश्वर-पाचगणी, फार तर हैदराबाद किंवा अजमेरपर्यंत जात. आता मुलगा मोबाईलवर विमानाचे दर पाहतो आणि म्हणतो, "अम्मी, यंदा लेह-लडाख करू या." तिकिटे निघतात, हॉटेल ठरते आणि मग घरातल्या बाईच्या वाट्याला नेहमीचे दोन प्रश्न येतात : बॅगेत काय काय भरायचे आणि कागद कुठले घ्यायचे? या महिन्याचे सदर याच दोन प्रश्नांसाठी.

स्वेटर, मोजे, औषधे, ओळखपत्रे यांची यादी पुढे आहेच. पण त्या यादीत सर्वांत वर एक गोष्ट लिहून ठेवा, जी कुठल्याही दुकानात मिळत नाही : लेहला पोहोचल्यानंतरचे दोन पूर्ण रिकामे दिवस. तेवढे नसतील तर बाकीची बॅग कितीही नीट भरलेली असली तरी उपयोगाची नाही.

एवढी काळजी कशासाठी?

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर, म्हणजे साडेअकरा हजार फूट उंचीवर आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. म्हणजे लेहच्या बाजारात चहा विकणारा माणूस कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर बसलेला असतो. तिथल्या हवेतही प्राणवायूचे प्रमाण आपल्याइतकेच, २१ टक्के असते. पण हवेचा दाब कमी असल्यामुळे एका श्वासात आपल्याकडच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश प्राणवायूच मिळतो. शरीर याची भरपाई करते. श्वास जलद होतो, नाडी वाढते, हळूहळू रक्तही बदलते. मात्र हे सगळे व्हायला वेळ लागतो.

जुन्या काळी हा वेळ रस्त्यातच मिळून जाई. श्रीनगरहून लेहला जाणारे व्यापारी काफिले घोड्या-खेचरांवरून साधारण दोन आठवड्यांनी पोहोचत. पलीकडून, यारकंदकडून येणारे हाजी काराकोरमची साडेपाच हजार मीटर उंचीची खिंड ओलांडून लेहला उतरत, तिथे विसावा घेत, जनावरे बदलत आणि मग काश्मीरमार्गे खाली येत. त्यांच्यातले कित्येक पुढे आपल्या मुंबई बंदरातून जहाजाने जिद्दाला जात. थांबत थांबत जाणे हाच त्या सफरीचा रिवाज होता. आज दिल्लीहून विमान सव्वा तासात लेहला टेकते. सकाळी आपण जवळपास सपाटीवर असतो आणि नाश्त्याच्या वेळेला साडेअकरा हजार फुटांवर. वाचलेला तो वेळ शरीराला परत द्यावाच लागतो.

आधी कार्यक्रमाचा कागद तपासा

सफरीचा पहिला कागद म्हणजे प्रवास कंपनीने दिलेला दिवसवार कार्यक्रम. तो हातात घ्या आणि पहिले दोन दिवस वाचा. "पहिला दिवस : आगमन, दुपारी स्थलदर्शन. दुसरा दिवस : खारदुंगला" असे लिहिले असेल तर पैसे भरण्याआधीच बदलून मागा. खारदुंगला खिंड ५,३५९ मीटरवर आहे आणि पँगाँग सरोवर सव्वाचार हजार मीटरच्या आसपास. लेहमध्ये दोन रात्री झाल्याशिवाय या ठिकाणी जाऊ नये. पँगाँगला मुक्काम करायचाच असेल तर तो सफरीच्या शेवटी ठेवावा. नुब्रा खोऱ्यातली दिस्कित, तुर्तुक ही गावे लेहपेक्षा कमी उंचीवर आहेत, पण तिथे जाण्याचा नेहमीचा रस्ता खारदुंगलावरूनच जातो, हे विसरू नका.

पहिल्या दिवशी फक्त आराम. सामान हॉटेलच्या मुलाला उचलू द्या, खोली शक्यतो खालच्या मजल्यावर मागा. दुसऱ्या दिवशी बाजारापर्यंत रमतगमत चालून यावे. तिसऱ्या दिवशी प्रकृती ठीक असेल तरच गाडीत बसावे. परतीसाठीही एक दिवस हाताशी ठेवा. लेहची विमाने बहुधा सकाळी सुटतात आणि हवा बिघडली की रद्द होतात. त्याच संध्याकाळी दिल्लीहून मुंबईची गाडी धरायची असे ठरवले तर घोटाळा होतो.

घरात वयस्कर मंडळी असतील आणि हाताशी दिवस असतील तर उन्हाळ्यात श्रीनगरहून रस्त्याने जाणे बरे. श्रीनगर १,६०० मीटरच्या आसपास, कारगिल सुमारे २,७००, मग लेह. कारगिलला एक रात्र काढली की शरीर पायरी पायरीने वर चढते. मनालीचा रस्ता देखणा आहे, पण तो जवळपास ४,९०० आणि ५,३०० मीटरच्या खिंडी ओलांडतो आणि वाटेतला सरचूचा तंबूतला मुक्कामही चार हजार मीटरच्या वर असतो. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने तो टाळलेला बरा.

ओळखपत्र आणि नावांचा घोळ

विमानासाठी प्रत्येक प्रौढाचे मूळ ओळखपत्र हवे : आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. दोन वर्षांखालील बाळाचे तिकीट वयावर ठरते, म्हणून त्याचा जन्मदाखला घ्या.

आपल्या घरांत खरी अडचण येते ती नावांची. आधारवर 'मोहम्मद' पूर्ण आणि तिकिटावर आखूड 'मोहं.' असते. एका भावाचे 'शेख' एका स्पेलिंगने, दुसऱ्याचे दुसऱ्या. सुनेच्या आधारवर माहेरचे नाव आणि तिकीट काढताना नवऱ्याने घातलेले सासरचे. दादीच्या मतदार कार्डावर 'बी', आधारवर 'बेगम'. घरात या गोष्टींना काही किंमत नसते, पण विमानतळाच्या दारावरचा जवान तिकिटावरचे आणि कार्डावरचे नाव अक्षरन् अक्षर ताडून पाहतो. म्हणून तिकीट काढायला बसताना सगळ्यांची कार्डे समोर मांडा आणि कार्डावर आहे तसेच नाव टाइप करा. चूक झालीच तर विमान कंपनीला लगेच कळवा. एखाद-दुसरे अक्षर सहसा दुरुस्त करून देतात, दुसऱ्याच नावाचे तिकीट मात्र बदलून मिळत नाही. एखाद्याच्या कार्डावर फक्त एकच नाव असेल तर आडनावाच्या रकान्यात काय लिहायचे ते कंपनीला आधीच विचारून घ्या.

लडाखच्या सीमाभागात जाण्यासाठी भारतीय नागरिकांना पूर्वी जो परवाना लागत असे, तो २०२१ च्या ऑगस्टमध्ये रद्द झाला. तरी नुब्रा, पँगाँगकडे जाताना पर्यावरण शुल्काची पावती आणि ओळखपत्र विचारतात. शुल्क ऑनलाइन भरता येते. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका.

आपल्या कोकणातल्या बऱ्याच घरांची माणसे परदेशात आहेत. आखातातून सुटीवर आलेल्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या भावाला वेगळे काही लागत नाही. पण इंग्लंडला किंवा दक्षिण आफ्रिकेला स्थायिक होऊन तिथले नागरिक झालेले काका-काकू बरोबर येणार असतील, तर नुब्रा-पँगाँगसाठी त्यांना संरक्षित क्षेत्राचा परवाना काढावा लागतो. ओसीआय कार्ड असले तरी तो लागतोच. लेहमधल्या नोंदणीकृत प्रवास एजंटामार्फत तो काढतात, त्यासाठी एक दिवस धरून ठेवा. लेह शहरात फिरायला तो लागत नाही.

सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. एक संच हातातल्या पिशवीत, एक मोठ्या बॅगेत. फोटो मोबाईलमध्ये असावेतच, पण केवळ त्यांवर विसंबू नका, कारण बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमकार्डे लडाखमध्ये चालत नाहीत. घरात निदान एक पोस्टपेड नंबर असू द्या. एटीएम लेहमध्ये आहेत, पुढे भरवसा नाही. रोख रक्कम दोघांत वाटून ठेवा.

आरोग्याचा कागद

हा कागद कोणी मागत नाही, म्हणून कोणी नेत नाही. वेळ आली तर मात्र सर्वांत आधी हाच कामाला येतो. प्रत्येक माणसासाठी एक पान करा. त्यावर नाव, वय, रक्तगट, असलेले आजार, रोजच्या औषधांची नावे आणि मात्रा, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, आपल्या डॉक्टरांचा फोन आणि गावाकडच्या एका नातेवाइकाचा फोन लिहा. अब्बांची "ती पांढरी गोळी, सकाळची" म्हणजे कोणती, हे लेहच्या डॉक्टरांना कळणार नाही.

हा कागद करताना डॉक्टरांची भेट आपोआप होते, तोच त्याचा मोठा फायदा. हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, तीव्र रक्तक्षय, सिकलसेल यांपैकी काही असेल, किंवा घरातली सून गरोदर असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्यांनी नको म्हटले तर ते ऐका. त्या माणसाला एकटे घरी ठेवून जाण्यापेक्षा ठिकाणच बदलावे. श्रीनगरही सुंदर आहे आणि तिथे श्वास पुरतो.

औषधांची पिशवी

उंचीच्या त्रासासाठी ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी मिळते. बाजारात तिला डायमॉक्स म्हणून ओळखतात. बहुधा ती चढण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात. किती आणि केव्हा घ्यायची हे डॉक्टरांनीच ठरवावे, शेजारणीने घेतली म्हणून आपण घेऊ नये. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. या गोळीने बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावे लागते. त्याने घाबरू नका. आणि गोळी घेतली म्हणजे दोन दिवस विश्रांतीची गरज संपली, असेही समजू नका.

डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटे, उलटीची गोळी आणि नेहमीची औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्तीची, हे सगळे हातातल्या पिशवीत ठेवा. झोपेच्या गोळ्या मात्र तिथे टाळाव्यात, त्या श्वास मंद करतात. मधुमेह असलेल्यांनी इन्सुलिन अंगालगतच्या खिशात ठेवावे. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. थंडीत आणि उंचीवर साखर मोजायचे यंत्रही चुकीचे आकडे दाखवू शकते. प्राणवायूचे सिलिंडर किंवा छोटे डबे विमानात नेता येत नाहीत, ते लेहमध्ये मिळतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर मात्र नक्की घ्या. त्यावर तिथे आकडा आपल्या घरापेक्षा कमीच येणार. एकट्या आकड्याकडे पाहून धीर सोडू नका आणि आकडा बरा दिसतो म्हणून त्रासाकडे दुर्लक्षही करू नका.

कपडे आणि बाकीचे सामान

जूनमध्ये लेहला दिवसा २० ते २५ अंश तापमान असते आणि रात्री ते १० च्या खाली जाते. एकच जाडजूड कोट नेण्यापेक्षा तीन थर करा : आत अंगाला चिकटणारे गरम कपडे, मध्ये स्वेटर, वर वारा अडवणारे जाकीट. ऊन चढले की एकेक थर काढता येतो. बुरखा किंवा अबाया घालणाऱ्या भगिनींनी जाकीट आत मावेल असा थोडा सैल घ्यावा. ओढणीसाठी लोकरीची स्टोल उत्तम, कानही झाकले जातात. लोकरीचे मोजे प्रत्येकी तीन जोड, चालून सवयीचे झालेले बूट, गॉगल, टोपी, व्हॅसलीन आणि सनस्क्रीन. हवा इतकी कोरडी की ओठ दुसऱ्या दिवशी फुटतात, आणि उंचीमुळे ऊन थंडीतही चेहरा भाजून काढते.

पॅक करताना एक गंमत ध्यानात ठेवा. खाली बंद केलेली पाकिटे वर गेल्यावर फुगतात. वेफर्सची पिशवी उशीसारखी होते आणि शाम्पूची बाटली किंवा लोणच्याची बरणी उघडताना तेल उडते. अशा वस्तू वेगळ्या प्लास्टिक पिशवीत बांधा, बाटली काठोकाठ भरू नका. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवा, ती मोठ्या बॅगेत चालत नाही.

स्वयंपाकाची हौस असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. लेहमध्ये पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळते. त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, अंडीही वेळ घेतात. घरून तांदूळ-डाळ न्यायची असेल तर छोटा कुकरही न्या.

नमाज, वुजू आणि जेवण

गार पाण्याने पहाटेचा वुजू तिथे जिवावर येतो. हॉटेल ठरवतानाच गरम पाणी कधी मिळते ते विचारा, थर्मास जवळ ठेवा. चामड्याचे मोजे असतील तर न्या. मुसाफिराला मसह, तयम्मुम आणि कसर यांच्या सवलती कधी मिळतात, ते निघण्याआधी आपल्या मौलानांकडून समजून घ्या. सजद्यातून उठताना पहिले दोन दिवस सावकाश उठा. चक्कर येत असेल तर बसून नमाज अदा करण्याबद्दलही विचारून ठेवा.

मुंबईचे वेळापत्रक तिथे चालत नाही. जूनमध्ये लेहला सूर्य मुंबईपेक्षा पाऊण तास तरी लवकर उगवतो. किब्ल्याची दिशाही बदलते. मुंबईत किब्ला पश्चिमेपासून थोडा उत्तरेकडे असतो, लेहमध्ये पश्चिमेपासून थोडा दक्षिणेकडे. छोटे होकायंत्र बॅगेत असू द्या.

लेहच्या मुख्य बाजारात, राजवाड्याच्या पायथ्याशी सतराव्या शतकातली जामा मशीद आहे. तिच्या मागच्या गल्लीत तंदूरवाल्यांच्या भट्ट्या असून सकाळी गरम रोट्या मिळतात. बाजारात मुस्लिम मालकांची हॉटेले असल्याने हलाल जेवणाची अडचण पडत नाही. पण पहिल्या रात्री बिर्याणी नको. उंचीवर पचन मंदावते, म्हणून खिचडी, सूप, रोटी असे हलके खा. सुकी जर्दाळू तिथली खासियत, ती येताना घ्या.

"मला काही नाही गं"

आता सर्वांत महत्त्वाचे. उंचीचा त्रास पोहोचल्यावर लगेच होत नाही. सहा ते बारा तासांनी डोके दुखू लागते, मळमळते, जेवण नको होते, झोप लागत नाही. आणि नेमकी तेव्हा अम्मी म्हणते, "मला काही नाही गं, जरा डोकं जड झालंय. तुम्ही जाऊन या." मुलाने वर्षभर पैसे साठवलेत, नातवंडे खुशीत आहेत, आपल्यामुळे सफर बिघडू नये म्हणून ती गप्प राहते. तरुण मुलगाही गप्प राहतो, कारण व्यायामशाळेत जाणाऱ्याला डोके दुखले असे म्हणायची लाज वाटते. खरे तर चांगल्या तब्येतीने या त्रासापासून संरक्षण मिळत नाही. घाई करणाऱ्या तरुणांना तो हमखास गाठतो.

म्हणून निघण्याआधी घरी एकत्र बसून ठरवा : जो कोणी "मला बरे वाटत नाही" म्हणेल, त्याच्यासाठी सगळे थांबतील आणि कोणी तोंड वाकडे करणार नाही. रोज रात्री प्रत्येकाला विचारा. लहान मुलांना सांगता येत नाही. मूल चिडचिडे झाले, खाईना, खेळेना, तर तेच लक्षण समजा.

साध्या डोकेदुखीला विश्रांती पुरते, पण ती जाईपर्यंत आणखी वर जायचे नाही. बसल्या जागी धाप लागणे, ओठ निळसर होणे, खोकल्यातून फेस येणे, असंबद्ध बोलणे, सरळ रेषेत चालता न येणे, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. लेहमध्ये असाल तर तडक सोनम नोरबू स्मृती रुग्णालयात जा. पँगाँगला किंवा खिंडीत असाल तर गाडी वळवून खाली उतरा, रात्र असली तरी. अशा वेळी खाली उतरणे हाच मोठा उपचार आहे.

हॉटेलचे पैसे बुडतील, सरोवर पाहायचे राहून जाईल. राहू द्या. ते पुढच्या वर्षीही तिथेच असेल. आपल्याला सगळ्यांना घेऊन घरी यायचे आहे.

या सुटीत जे लेहला निघाले आहेत, त्यांनी हे पान कापून कागदांच्या पिशवीत ठेवावे. अल्लाह सर्वांची सफर सुखरूप करो.